डालग्याखालचा दिवा

शहापूरच्या बाजारात शेखरचं पाण्याच्या जळक्या मोटारी भरून द्यायचं दुकान. हाताला यश असलेला माणूस. पण पावसाळ्यापासून त्याला भलताच नाद लागला होता. संध्याकाळी सापगावला घरी आला, की चहा गार होऊ द्यायचा आणि माजघरातल्या टेबलावर वाकून बसायचा. टेबलावर एक लाकडी खोकं आणि त्यावर जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे दोन व्हॉल्व्ह, एक बोटाएवढा, एक पेल्याएवढा. "बल्ब पेटवाया एवढा अभ्यास?" असं त्याची बायको भिमी विचारायची, आणि तिचं तरी काय चुकलं?

पण नाद उगीच नव्हता. शेखरची आई सकुबाई म्हणजे पंचक्रोशीतली धवलारीण, लग्नात धवले गाणारी. तिचा सूर लागल्याशिवाय नवरीला हळद लागायची नाही. मग डीजे आले. एका हळदीला डीजेवाल्यानं कौतुकानंच तिच्या तोंडापुढं माईक धरला. आधी कानठळ्या बसवणारी शीळ वाजली आणि मागून तिचा आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा आला. पोरं खो खो हसली. सकुबाईनं पदर खोचला, चपला घातल्या आणि सरळ घर गाठलं. तेव्हापासून कोणी बोलवायला आलं, की एकच उत्तर, "माझा गला गेला."

आता शेखरच्याच मुलीचं, अक्षदाचं लग्न मुरबाडकडं ठरलं होतं आणि पोरगी अडून बसली होती. "आजी गायल्याबिगर मी हळद लावून घेनार नाय." आजी म्हणाली, "मंग तशीच जा." दोघी एकाच मातीच्या. मध्ये सापडला शेखर.

त्याला लहानपणीची म्हसा गावची जत्रा आठवायची. तंबूतला सिनेमा, आईची उबदार मांडी, आणि कोपऱ्यातल्या मशिनीत शेंदरी पेटलेली काच. त्या मशिनीतून माणूस शेजारी बसून बोलावा तसा आवाज यायचा. मुरबाडच्या भंगारात तसलाच व्हॉल्व्ह दिसला आणि त्याच्या मनानं घेतलं, की खोट आईच्या गळ्यात नव्हती, डीजेच्या मशिनीत होती.

आवाज मोठा करणाऱ्या या जुन्या जातीच्या मशिनीत सगळा सूर एकटा मोठा व्हॉल्व्ह वाहतो, ओझं वाटून घ्यायला जोडीदार नाही. म्हणून आवाज थोडा, पण मऊ. मोबाईलवर बघून बघून शेखर ती जोडत गेला. ट्रान्सफॉर्मर तर दुकानातच गुंडाळला आणि आयुष्यभराच्या सवयीनं लोखंडी पट्ट्या एकीआड एक उलटसुलट, घट्ट बसवल्या. तिथंच फसला. आवाज नरडं आवळल्यासारखा यायला लागला. किती दिवस डोकं खाजवल्यावर त्याला कळलं, की इथं पट्ट्या एकाच बाजूनं लावून मध्ये कागदाएवढी फट ठेवायची असते. मोटारीतल्या जाड कागदाची पट्टी त्यानं मध्ये सरकवली, आणि गाणं मोकळं झालं. आत जबर दाबाची वीज, कोणाचा हात लागू नये म्हणून त्यानं खोक्यावर कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घातलं. डालग्याच्या भोकांतून शेंदरी उजेड भिंतीवर सांडायचा. शेखर त्याच्याकडं बघत बसायचा आणि जेवायचं विसरायचा.

एवढं करून त्यानं आईपुढं नवा माईक ठेवला. सकुबाईनं त्याकडं नुसतं पाहिलं. "तो दांडा माझ्या तोंडाफुडं नको," म्हणाली आणि उठून गेली. शेखरला फार लागलं ते.

त्यात लहान व्हॉल्व्ह खोडीचा निघाला. आतलं काहीतरी सैल होतं. टेबलाला टिचकी मारली तरी स्पीकरमधून टण्ण वाजायचं. त्यानं दुसरा मागवला, तो कापसात गुंडाळून आलाही. रविवारी बदलू, असं तो म्हणाला.

त्या रविवारी दुपारी लांब तारेनं पडवीत नेलेल्या स्पीकरशेजारी तो जरा आडवा झाला. आत मशीन तापत ठेवली होती, गाणं काही लावलं नव्हतं. भात झोडून झालं होतं, अंगणात पेंढ्याचा वास होता, आणि लांब सिद्धगडाकडचे डोंगर उन्हात विरघळल्यासारखे दिसत होते. डोळा लागला. झोपेत तो तंबूत होता, आईच्या मांडीवर. अंधारात आई गात होती, अगदी हळू, आणि तिच्या प्रत्येक शब्दामागं देवळातल्या घंटेसारखा बारीक नाद रेंगाळत होता.

डोळे उघडले तरी गाणं थांबलं नाही. ते स्पीकरमधून येत होतं.

त्यानं दारातून आत पाहिलं. सकुबाई टेबलाला टेकून लग्नाचे तांदूळ निवडत होती. नजर डालग्याखालच्या उजेडात हरवलेली, आणि ओठांत धवला. तिचं तिलाही भान नव्हतं. तो सैल व्हॉल्व्ह तिच्या आवाजानं थरथरत होता आणि ती थरथरच सूर होऊन स्पीकरमधून येत होती. शेखर आत निघाला, तर त्याचीच पावलं पडवीतल्या स्पीकरमधून धप धप वाजली आणि सकुबाई दचकली.

"कोन हाय रे भायेर?"

"तूच हायेस, आये. तुझाच आवाज."

"आन् दांडा कुठं हाय?"

"दांडा नाय. या दिव्यालाच ऐकाया येतं."

सकुबाई बघत राहिली. सगळा जन्म ती लग्नाच्या दिव्यापुढं बसून गायली होती. दिव्याची तिला कसली भीती? ती जरा वाकली आणि तान्ह्या बाळाला विचारावं तसं म्हणाली, "ऐकतंस काय रे?" पडवीतून तेच शब्द हलकेच आले. म्हातारी पोरीसारखी हसली. कापसातला नवा व्हॉल्व्ह कापसातच राहिला.

हळदीच्या संध्याकाळी डीजेवाला ताटकळत बसला होता. पाटावर अक्षदा, शेजारी सकुबाई, तिच्यापुढं डालगं, आणि डालग्याला टेकून शेखर, कोणी हात लावू नये म्हणून. स्पीकर लांब, मांडवाच्या टोकाला. कोणी चाललं की धप, बांगडी हलली की किण्ण. सकुबाईनं सगळ्यांना दटावलं, "हलू नका कोनी." आणि खरंच कोणी हललं नाही. एवढा मोठा मांडव उभ्याउभ्या गप्प झाला, आणि तिनं धवला उचलला.

आवाज मोठा नव्हता. पण तो मांडवभर पसरला आणि ज्याच्या त्याच्या कानाशी येऊन बसला. भिमीनं लेकीच्या गालाला हळद लावली. नवरी घर सोडून निघते, तिथवर गाणं आलं आणि स्पीकरमधून एकदम मोठा हुंदका ऐकू आला.

सगळ्यांनी अक्षदाकडं पाहिलं. ती हसत होती. भिमीचेही डोळे कोरडे होते. डालग्याला टेकलेल्या शेखरनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

सकुबाईनं गाणं थांबवलं. "शेकर, बाजूला होऊन रड रे. माझा धवला नासतो."

मांडव हसला, डीजेवालाही हसला. शेखर डोळे पुसत उठला आणि लांब जाऊन उभा राहिला. सकुबाईनं पुन्हा सूर धरला, पण पुढच्याच ओळीला तिचा गळा भरून आला आणि तेही सगळ्या गावानं ऐकलं. मग तिनं गाता गाताच हात पुढं केला आणि लेकाला परत जवळ बसवून घेतलं.