‘मिस’ची दोन घरं

सापगावच्या विहारात दर रविवारी वंदना आटोपली की रत्नप्रभाबाई पदर खोचतात, फळ्यावरची मीटिंगची नोटीस बिनदिक्कत पुसतात आणि तिथे एक इंग्रजी शब्द लिहितात. एकच. समितीवाल्यांनी सुरुवातीला कुरकुर करून पाहिली. पण त्यातले निम्मे बाईंच्याच हाताखालून गेलेले, त्यामुळे कुरकुर दातांआडच राहिली. मग तासभर त्या शब्दाची सालं काढायची. त्याचे अर्थ किती, तो आला कुठून, त्याचे सोयरे कोण. शहापूरच्या हायस्कुलात बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवून बाई रिटायर झाल्या, पण इंग्रजी काही त्यांच्यातून रिटायर झालं नाही. लग्न केलं नाही, घरात ऐकून घेणारं कोणी नाही. भाऊ-भावजय शेजारच्या घरात, आणि भाचा रूपेश कल्याणला कामाला. तो तर ‘आत्या, टाइम नाय’ म्हणतच जन्माला आला असावा. मग उरली गावातली पोरं. ती बिचारी ऐकतात.

शब्द निवडायचा मान मात्र पाळीपाळीने पोरांचा. हा नियम बाईंनीच केला होता, आणि मार्चमधल्या त्या रविवारी तोच त्यांच्या अंगाशी आला.

पाळी होती संघरत्नाची. आठवीतली पोर, भलती चुणचुणीत. उभी राहून म्हणाली, “बाई, आज ‘मिस’ घ्या.”

बाईंचा खडू फळ्याजवळ जाऊन थांबला.

“दुसरा सांग गो.”

“का? साधा शब्द हाय. नि नियम तुमचाच हाय ना, पोरं सांगतील तो.”

आता पंधरा पोरांसमोर काय बोलणार? लिहिला बाईंनी. लिहिल्याबरोबर पोरं सुटली. “बस मिस झाली!” “मिस कॉल!” “कॅच मिस!” “मिस इंडिया!” मागून एकजण ओरडला, “मिसाईल!” आणि त्याच्या शेजारच्याने आपली अक्कल पाजळली, “बाई, मिसळ!” झालं. दोन मिनिटं विहारात नुसता दंगा.

“मिसळ आपली, घरची. तिला इंग्रजांच्या पंगतीत बसवू नका,” बाई म्हणाल्या. “आणि मिसाईल दिसायला सारखं, पण नात्यात नाही. त्याचं मूळ लॅटिनमध्ये, पाठवण्याच्या शब्दात. आता नीट ऐका. ‘मिस’ एक दिसतो, पण त्याची घरं दोन. पहिलं घर फ्रेंचांचं. तिथे होती ‘मिस्ट्रेस’, म्हणजे मालकीण, घर चालवणारी बाई. इंग्रजांनी तिला आपल्याकडे आणली आणि कापून कापून एवढीशी केली. मिसेस तिच्यातलीच. बिनलग्नाची ती मिस, आणि शाळेत शिकवणारीही मिस.”

“म्हणजे तुमी दोन्हीकडून,” संघरत्ना म्हणाली. पोरं खिदळली. बाईंनाही हसू आलं.

“दुसरं घर जुन्या इंग्रजीचं. तिथे ‘मिस’ म्हणजे चुकणं. नेम चुकला, मिस. गाडी चुकली, मिस. ट्रक अंगावर येता येता थोडक्यात चुकला आणि माणूस वाचला, तेही मिसच. आणि त्याच घरात शेवटी एक अर्थ आला तो…” बाई जरा अडखळल्या. “माणूस जवळ नाही, हे सारखं जाणवत राहतं, तो.”

“त्याला मराठीत आठवण येणं म्हनतात,” एकाने सांगून टाकलं.

“आठवण तर ज्याच्याशी भांडण आहे त्याचीही येते. ते नाही. आपण म्हणतो ना, चुकल्याचुकल्यासारखं वाटतं? ते. बघा, आपणही ते चुकण्यातूनच काढलं. त्यांनी आपलं ऐकलं नाही, आपण त्यांचं ऐकलं नाही, तरी दोघं एकाच जागी पोचलो.”

बाई खूश झाल्या. असं काही सापडलं की त्यांना जेवण मिळाल्यासारखं होतं. तेवढ्यात संघरत्नाने विचारलं, अगदी सरळ मनाने, “बाई, तुमाला कोणाचं वाटतं तसं?”

बाईंनी डस्टर उचललं, फळा पुसला आणि वीस मिनिटं आधीच तास सोडला. असं आजवर कधी झालं नव्हतं.

आता ही गोष्ट प्रेमाची आहे, ती सांगायलाच हवी.

प्रेमा मुरबाड तालुक्यातल्या डोंगरातल्या एका ठाकरवाडीची. आठवीत ती शहापूरच्या शाळेत आली तेव्हा तिला वर्गातलं बोलणंच कळेना. घरी बोलायची भाषा निराळी, पुस्तकातली निराळी, त्यात तिसरी इंग्रजी. पण एकदा कळलं की विसरायची नाही. वाडीवरून रोज येणं शक्य नव्हतं. बाईंनी तिच्या आईला, मंगळीला, निरोप धाडून सांगितलं, पोर माझ्याकडे ठेवा. तीन वर्षं प्रेमा बाईंच्या घरात राहिली. बाकी शाळा ‘बाई’ म्हणायची, ही एकटीच ‘मिस’ म्हणायची. तिला म्हणे तो शब्द आवडायचा, तोंडात पटकन मावतो म्हणून. सकाळी उठून “मिस, च्या टाकू?” आणि रात्री निजताना “मिस, उद्या कुठला शब्द?” बाईंच्या घरात त्याआधी कोणी कोणाला उद्याचं विचारलं नव्हतं.

दहावीचा निकाल लागला, पोर छान मार्कांनी पास झाली. बाईंनी कॉलेजचा फॉर्म आणून ठेवला. तर मंगळी आली आणि म्हणाली, आता घरी नेते. बाईंना वाटलं, प्रेमा नाही म्हणेल. प्रेमाने गुपचूप आपली पिशवी भरली. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. “गेलीस तर परत मला तोंड दाखवू नकोस,” असं त्या दारात उभं राहून म्हणाल्या. म्हणाल्या खऱ्या, आणि शब्द तोंडातून गेल्यावर कोणाला परत घेता आलाय?

वाडीत रेंज नव्हती. वर टेकडीवर एक धोंडा होता, त्याच्यावर उभं राहिलं की मोबाइलला दोन काड्या मिळायच्या. प्रेमा दर रविवारी तिथून बाईंना मिस कॉल द्यायची. एक रिंग, आणि कट. तेव्हा सगळ्यांचीच तशी रीत होती. बॅलन्सवाल्याने उलट फोन करायचा. बाईंनी केला नाही. येऊ दे चार वेळा, मग बघू, असा हट्ट. सहा रविवार गेले. सातव्या रविवारी फोन कट झालाच नाही. वाजत राहिला, पार शेवटपर्यंत. बाई तो हातात धरून उभ्या होत्या. नाव दिसत होतं. उचलला नाही.

आठव्या रविवारी काही वाजलं नाही. महिन्याने बाईंनी स्वतः लावला तर, हा नंबर अस्तित्वात नाही.

याला सहा वर्षं झाली. बाई तो जुना बटणांचा फोन अजून चार्ज करतात, त्यातलं कार्ड जिवंत ठेवतात. रूपेशने एकदा विचारलं, “आत्या, हा डबा कशाला सांभाळतेस?” तर त्याच्यावर अशा काही उखडल्या की तो पुन्हा त्या वाटेला गेला नाही. मग इतकी आस होती तर वाडीवर गेल्या का नाहीत, असं तुम्ही विचाराल. आधी अभिमान आडवा आला. तो विरघळेपर्यंत लाज तयार झाली होती. शिकलेल्या माणसाचं हे असंच असतं, कारणं त्याला कधी कमी पडत नाहीत.

पण त्या रविवारी एका पोरीने तोंडावर विचारलं आणि बाईंना खोटं बोलता आलं नाही, खरंही बोलता आलं नाही. सोमवारी सकाळी त्यांनी दाराला कडी लावली आणि मुरबाडची एस.टी. धरली. मुरबाडहून जीप, आणि जीपवाल्याने सोडलं तिथून तासभर चढण. गुडघे बोंबलत होते. बाई वाटेत वाक्यं जुळवत होत्या. पोर रडेल, मग आपण काय म्हणायचं. पोर तोंड फिरवील, मग काय. वाळून गेली असेल, दारिद्र्यात पिचली असेल, सगळं सगळं मनात आणून झालं.

प्रेमा अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. भरलेल्या अंगाची, कपाळावर घाम, पदराशी तीनेक वर्षांची पोरगी. तिने वर पाहिलं.

“अगो बाय! मिस?”

धावत आली, पाया पडली, पाण्याचा तांब्या आणला. रडली नाही, तोंडही फिरवलं नाही. चहा टाकला. लग्न याच वाडीत झालं, आई जवळच असते, नवरा शेतावर गेलाय, आपली नागली बरी पिकते, शनिवारी अंगणवाडीत पोरांना गाणी शिकवायला जाते, असं सगळं हसत सांगत होती. तिचं घर शेणाने सारवलेलं, भांडी घासून लख्ख. पोर सुखात होती. बाईंना आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण खरं सांगायचं तर थोडं खुपलंही. सहा वर्षं आपण जिच्यासाठी झुरलो तिचं आपल्यावाचून काही अडलं नव्हतं.

मग जुळवलेली वाक्यं गेली कुठल्या कुठे. बाई एकदम म्हणाल्या, “प्रेमा, तुझे सगळे कॉल मी बघितले होते. मुद्दाम केला नाही फोन. शेवटचा तर हातात होता माझ्या.”

प्रेमा फुलं पसरायची थांबली.

“ठावं होतं मला,” ती म्हणाली. “म्हनून तर मंग नाय केला.”

“मला तुझ्याशिवाय करमत नाही गो. एक दिवस करमलं नाही. तेवढंच सांगायला आले.”

“मिस, मला पन पहिलं वरीस लय जड गेलं. तुमच्या घराची सपनं पडायची. मंग लगीन झालं, ही झाली…” तिने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. “आता राग नाय वो. खरंच नाय.”

राग नाही. बाई माफीच मागायला आल्या होत्या, आणि मिळालीही, इतक्या सहज की ती घेऊन काय करावं हे त्यांना कळेना.

ओटीवर मंगळी बसून सगळं ऐकत होती. आता ती उठली, बाईंच्या शेजारी येऊन टेकली.

“बाई, शहापूरच्या बाजाराला मी दर आठवड्याला यायची, मोहाची फुलं नि कंद इकायला. पोर तुमच्याकं होती तवा.”

“मग घरी का नाही आलात कधी?”

“आलेली की. पहिल्या महिन्यात दोनदा आलेली. तुमी म्हनालात, मंगळीबाई, असं सारखं येऊ नका, तिचं अभ्यासातलं ध्यान उडतं.”

बाईंना आठवलं. अगदी तसंच म्हणाल्या होत्या, नंतर कधी मनातही आलं नव्हतं.

“मंग मी शाळेच्या समोर, रसाच्या गाड्यामागं उभी ऱ्हायची,” मंगळी सांगत होती. “शाळा सुटली की तुमी दोघी निघायच्या. तिची पिशवी तुमच्या खांद्याला. ती तुमच्याकं बघून हसत हसत काय काय बोलायची. माझ्याशी नव्हती बोलत तेवढं. वळनापातूर बघायची नि गाडी धरायची.”

“एक हाक मारायची होतीत,” बाई कशाबशा म्हणाल्या.

“तिनं मागं बघितलं असतं, तर मला नेल्याबिगर ऱ्हावलं नसतं.” मंगळीच्या आवाजात कडूपणा नव्हता. “तीन वर्सं, बाई. तुमची सहा झाली, कबूल. पन तुमाला येवढं तरी ठावं होतं, ती आपल्या आईपाशी हाय.”

प्रेमा ऐकत होती. तिलाही हे आजच कळत होतं, तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. ती आईजवळ गेली नाही, बाईंजवळही आली नाही. सुपातली फुलं तशीच धरून उभी राहिली.

बत्तीस वर्षं वर्गात कधी आवाज न कापलेल्या रत्नप्रभाबाई त्या ओटीवर मंगळीचा हात धरून हमसून हमसून रडल्या. मंगळीने हात सोडवून घेतला नाही. पण बघत ती होती लेकीकडेच, डोळे भरून, शाळेसमोर उभं राहून जसं बघता आलं नव्हतं तसं.