पुलाच्या अलीकडे

सकाळपासून पाऊस धरून होता. वर घाटमाथ्यावर त्याहून जोर होता. खडकवासला धरण भरलं होतं आणि दुपारी विसर्ग आणखी वाढवला होता. कर्वे रस्त्यावर गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. त्यातल्याच एकीत आम्रपाली आणि तिचा नवरा संजय अडकले होते. नदीपलीकडच्या दवाखान्यात त्यांची दीक्षा बाळंतपणासाठी दाखल होती. जावयाचा, रोहनचा फोन आला, "आई, बाळाचे ठोके कमी होतायत. आत नेलंय तिला."

फोन ठेवायच्या आत संजयनं गाडी डावीकडच्या गल्लीत घातली आणि नदीपात्रातल्या ठेंगण्या भिडे पुलाच्या उताराला लावली.

"अहो, पूल बंद असेल."

"बघू."

पूल बंदच होता. लोखंडी अडथळा आडवा लावलेला, आणि पुढे रेनकोटातला होमगार्ड उभा. छातीवर नाव होतं, केदार. पुलाच्या फरशीवरून गढूळ पाणी सळसळत जात होतं. केदारनं वरच्या, चारचाकी न चालणाऱ्या झेड ब्रिजकडे बोट दाखवलं. "गाडी इथं ठेवा, तिकडनं चालत जा. दहा मिनिटं लागतील."

"माझी मुलगी पलीकडे दवाखान्यात आहे. घोटाभर तर पाणी आहे. बाजूला हो."

"घोटाभर दिसतंय साहेब. मुलीला भेटायचंय ना? मग चालत जा."

संजय खाली उतरला. दोन शब्द बोलेल आणि परत येईल, असं आम्रपालीला वाटलं. बँकेत, सोसायटीत तो आवाज चढवायचा, तेवढंच. पण त्यानं सरळ केदारच्या तोंडावर ठोसा मारला. केदार अडथळ्यावर आपटून खाली पडला. संजयनं त्याच्या बरगडीत लाथ घातली, अडथळा ढकलून दिला आणि गाडीत येऊन बसला. त्याच्या बोटांवर रक्त होतं. ते त्याचं नव्हतं.

"त्या माणसाला उचला आधी," आम्रपाली म्हणाली.

त्यानं गिअर टाकला. पुढची चाकं पाण्यात उतरली तशी गाडी थरथरली. आम्रपालीनं वाकून किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं.

संजयनं तिला थोबाडीत मारली.

इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. कानात शिट्टी वाजली, डोळ्यांपुढे पांढरं झालं. किल्ली मात्र तिच्या चिमटीत होती. तो तिची बोटं उलटी वाकवायला लागला. ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली, तोंडात रक्ताची चव येईपर्यंत. त्याचा हात सैल पडताच किल्ली उपसून ती दार उघडून बाहेर पडली आणि सगळ्या जोरानिशी तिनं ती नदीत फेकली.

"वेडी झालीस का तू?" संजय तिच्या अंगावर धावून आला.

तेवढ्यात वरून एक आख्खं झाड वाहत आलं आणि पुलाच्या कठड्यावर आदळलं. कठडा कागदासारखा दुमडला. मागून पाण्याचा लोट आला. संजयचे पाय सुटले, तो आडवा झाला आणि गाडीच्या चाकाशी अडकला. गाडीसुद्धा सरकायला लागली होती.

आम्रपाली गुडघाभर पाण्यात शिरली. तिनं त्याची कॉलर धरली, पण ओढवेना. मग मागून केदार आला. त्याच्या तोंडातून रक्त गळत होतं. त्यानं एका हातानं विजेचा खांब धरला, दुसऱ्यानं तिच्या कमरेला विळखा घातला. दोघांनी मिळून संजयला चढावर ओढून आणलं. मागे गाडी आडवी फिरली, कठड्याच्या खिंडारातून खाली गेली. थोडा वेळ तिचं टप दिसलं, मग तेही दिसेना.

संजय रस्त्यावर पालथा पडून ओकत होता. जरा वेळानं त्यानं वर पाहिलं. "वाचलो गं."

"वाचलात," आम्रपाली म्हणाली. केदार भिंतीला टेकून तुटलेला दात तळहातावर बघत होता. तिनं ओढणी पिळून त्याच्या हातात दिली, तोंडाला दाबून धरायला सांगितलं. जवळच्या पोलीस चौकीतली माणसं धावत येताना दिसली, तेव्हा ती निघाली. संजय उठायला लागला.

"तुम्ही येऊ नका. यांना दवाखान्यात न्या आणि काय केलंत ते पोलिसांना सांगा."

झेड ब्रिजवर वारा असा होता की कठडा धरून चालावं लागत होतं. खाली नदीचा नुसता गडगडाट होता. तिला रडू आलं ते तिथे, मधोमध. ती थांबली नाही.

दीक्षाला मुलगी झाली होती. बाळ काचेच्या पेटीत होतं, पण स्वतः श्वास घेत होतं. रोहननं सासूच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं. "आई, पडलात का कुठे?"

"नाही. बाबांनी मारलं."

 रोहननं खुर्ची पुढे केली.

संध्याकाळी चौकीतून फोन आला. मारहाणीची तक्रार नोंदवतोय, तुमचे मिस्टर म्हणतात नुसती धक्काबुक्की झाली, तुम्ही काही पाहिलंत का? आम्रपालीनं काचेपलीकडे झोपलेल्या बाळाकडे पाहिलं आणि ती व्हरांड्यात गेली.

"सगळं पाहिलंय," ती म्हणाली. "लिहून घ्या."