चार बोटांवरचा उजेड

मित्रांनो, दिवा शोधायचा म्हटलं की तुम्ही सवयीनं मान वर करता. मला भेटायचं असेल तर जरा खाली वाका. खिडकीजवळच्या बुटक्या टेबलावर, इवल्या रोपांच्या डोक्यावर, दोन दोऱ्यांनी टांगलेला पत्र्याचा लांबट दिवा दिसतोय ना? तो मी. पोटात चार ट्यूब, कडांना गंज आणि पाठीवर ठकीनं चिकटवलेलं फुलपाखराचं स्टिकर. हल्ली मी रोपं वाढवतो. पण माझा जन्म काही रोपांसाठी झाला नव्हता.

मला घडवलं एका पत्रेवाल्यानं. त्यानं पत्रा वाकवला, आतून पांढराशुभ्र रंग दिला आणि मला मालकांच्या हाती देताना म्हणाला, "ह्याच्यासमोर रडकं पोरही गोड दिसेल बघा." मालक म्हणजे फोटोवाले. चौकाच्या कोपऱ्यावर त्यांचा छोटासा स्टुडिओ होता. एक स्टूल, रंगवलेल्या बागेचा पडदा, केस उडवण्यासाठी टेबलफॅन आणि आरशाजवळ दोरीला बांधलेला कंगवा. बांधला नसता तर गिऱ्हाइकाच्या खिशातून केव्हाच गेला असता. मी छताजवळ असे. माझ्याखाली मालकांनी पांढरं कापड ताणलं होतं. "उजेड कसा पाहिजे? लांबून आणि गाळून," ते म्हणत. "जवळून मारला की चेहरा करपलाच."

काय दिवस होते ते! बाळ पालथं पडायला लागलं की आई त्याला घेऊन येई. उशीवर त्याला निजवायचं, पडद्याआडून आईनं खुळखुळा वाजवायचा, आणि बाळानं नेमकी त्याच क्षणी उशी ओली करायची, हे ठरलेलं. मग सगळे हसत आणि त्या हसण्याकडे बघताना बाळ जे तोंड करी, तोच फोटो सगळ्यांत छान येई. परीक्षेला बसणारे यायचे, नोकरीला लागणारे यायचे, परगावी निघालेले यायचे. प्रत्येकाला मालक सांगत, "हनुवटी जरा वर. आणखी जरा. बस्स!" आणि मी माझा सगळा उजेड त्या एका चेहऱ्यावर अंथरत असे.

एकदा मालकीणबाईंचा थोरला भाऊ आला, म्हणजे ठकीचा मामा. ठकी, मालकांची लेक, तेव्हा जन्मायची होती. त्याला अर्जासाठी फोटो हवा होता, पण हातात ही एवढी टोमॅटोंची पिशवी.

"दादा, ती पिशवी ठेवा ना खाली," मालक म्हणाले.

"छे, छे! खालचे चिरडतील. तुम्ही आपला छातीपर्यंतच काढा."

त्या फोटोत मामा मोठा रुबाबात बसलाय. मांडीवर टोमॅटो आहेत, हे फक्त आम्हा तिघांना ठाऊक.

पुढे लोकांच्या खिशात फोन आले. जो तो आपला फोटो आपणच काढू लागला. एक दिवस मालकांनी शटर ओढलं ते ओढलंच. कॅमेरा घरच्या कपाटात गेला, टेबलफॅन पलंगाखाली आणि मी कपाटावर. आधी वाटलं, चार दिवसांची गोष्ट आहे. मग एका कोळ्यानं माझ्या पोटात संसार थाटला, तेव्हा काय ते समजलो. खाली ठकी रांगली, चालली, शाळेत जाऊ लागली. मी वरून नुसता ऐकत होतो.

आणि एक दिवस मामा गेल्याची बातमी आली.

मामाची एक खोड होती. मालकांकडून फिल्मच्या रिकाम्या डब्या मागून न्यायच्या आणि त्यांत बी ठेवायचं. दरवर्षी त्याच टोमॅटोचं, आपल्याच अंगणातलं. तो गेल्यावर ते घर दुसऱ्यांचं झालं, आणि त्यांनी अंगणात फरशी घातली. मागे राहिली एकच डबी. मालकीणबाईंनी ती कानाशी धरून हलवली.

"दादाचं एवढंच उरलंय," त्या म्हणाल्या. "हे उगवलं नाही तर संपलं सगळं."

बाहेर अजून कडाक्याची थंडी होती. बी घरातच लावायला हवं होतं, पण खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. ऊन यायचं ते पाहुण्यासारखं, उंबऱ्यातूनच परत जायचं.

"उजेडच हवाय ना?" मालक एकदम ताठ बसले. कित्येक दिवसांनी त्यांचा आवाज असा खणखणीत ऐकला मी. "मग घरात फोटोवाला असून उपयोग काय?"

कोळ्याला निरोप देऊन त्यांनी मला खाली उतरवलं. पुसलं, नव्या ट्यूब घातल्या. आणि, मित्रांनो, जसं स्टुडिओत टांगायचे तस्संच टांगलं. छताजवळ, कप्पीवरून दोरी घेऊन, खाली पांढरं कापड ताणून. लांबून आणि गाळून! मालकीणबाईंनी एका मोठ्या ट्रेमध्ये दाट बी पेरलं. थोडंसं उरलं ते आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात टाकलं. टेबलावर जागा नव्हती, म्हणून तो डबा कोपऱ्यात जुन्या अल्बमांच्या उंच ढिगावर चढवला. चिमूटभर बी डबीतच मागे ठेवलं. मग खिडक्या बंद, हीटर चालू, दाराला पडदा.

"आई, बाळंतिणीची खोली केलीस की गं," ठकी म्हणाली.

"वारा लागला तर?" आईनं उलट विचारलं.

कोंब वर आले तेव्हा घरात कोण आनंद! आणि वाढ तरी किती! सकाळी बघावं तर काल होती त्याहून बोटभर उंच.

"अहो बघा, कशी ताडमाड वाढतायत!"

"उजेड कुणाचा आहे?" मालक मिशीला हात लावून म्हणाले.

अल्बमवरच्या डब्यातली रोपं मात्र जमिनीला धरून बसली होती. "ही बुटबैंगणं कशी गं?" ठकीनं विचारलं. "राहू दे गं, खुरटली बिचारी," मालकीणबाई म्हणाल्या आणि मोठ्या ट्रेकडेच लक्ष देऊ लागल्या.

मला वरून त्या ट्रेमधले सगळे चेहरे दिसत. सगळे माझ्याकडेच बघत होते. हनुवटी वर, आणखी वर, आणखी जरा. मला वाटे, माझे जुने दिवस परत आले, ही फोटोला बसली आहेत. मित्रांनो, ती फोटोला बसली नव्हती. त्यांना उजेडाची भूक लागली होती. मी लांब, मध्ये कापड, शेजारी दाटी आणि खोलीत ऊब. बिचारी सगळं बळ खर्चून नुसती उंच होत होती, मला गाठायला. अंग धरायला त्यांच्यापाशी काही उरतच नव्हतं.

एका सकाळी मालकीणबाईंनी हलक्या हातानं पाणी शिंपडलं, आणि रोपं आडवी झाली. एक कललं, त्याच्यावर दुसरं, मग ओळच्या ओळ. देठ शिवणाच्या दोऱ्याएवढे. त्यांनी एकेक उचलून उभं करून पाहिलं. बोट काढलं की ते पुन्हा निजे.

"पाणी जास्त झालं असेल," मालक म्हणाले.

"पाण्यानं नाही. तुमच्या उजेडानं खाल्लं माझ्या दादाचं बी."

"उजेडातलं मला नको शिकवूस! जन्म गेला माझा त्यात."

"माणसांवर गेला. ह्यांना काय फोटो चिकटवायचाय अर्जावर?"

मालक खोलीबाहेर निघून गेले. त्या घरात भांडणाचा आवाज मी पुष्कळदा ऐकलाय, पण त्या दिवशी माझ्या ट्यूबची गुणगुण मलाच मोठी वाटू लागली.

दुपारी त्या ट्रे उचलायला आल्या. सगळंच टाकायचं म्हणून कोपऱ्यातला डबाही खाली घेतला, आणि हात थबकला. ती बुटबैंगणं हलली नव्हती. देठ जाड, खाली जांभळट झाक, पानं गडद. त्यांनी बोटानं टिचकी मारली. रोप डोललं आणि परत जागेवर. त्यांनी ढिगाकडे पाहिलं, मग वर माझ्याकडे. त्या कोपऱ्यात माझं कापड तोकडं पडलं होतं, आणि अल्बमांमुळे डबा माझ्या हाकेच्या अंतरावर आला होता.

"अहो, इकडे या जरा," त्यांनी हाक मारली. आवाजात भांडण नव्हतं.

मालक आले. बराच वेळ तो डबा हातात फिरवत उभे राहिले. मग त्यांनी कापड सोडवलं, घडी केली आणि कप्पीची दोरी सैल करायला घेतली. मी खाली येऊ लागलो. छताखालून भिंतीवरच्या आरशाच्या उंचीवर, तिथून टेबलाच्या वर. "बस्स?" "अजून." "अगं, करपतील!" "थांबा मग," म्हणून मालकीणबाईंनी आपला पालथा हात माझ्याखाली धरला. मालकांनी तो बाजूला सारून स्वतःचा धरला. तिथेच उभं राहून त्यांनी सगळा चहा डाव्या हातानं प्यायला.

"कोमट लागतंय फक्त," शेवटी ते म्हणाले. "तापलेलं नाही. ठीक आहे."

रोपांच्या शेंड्यांपासून चार बोटांवर दोरीला गाठ बसली.

डबीतलं उरलेलं बी लावलं, या वेळी एका कपात एकच. कोंब वर येताच हीटर बंद झाला आणि खिडकी किलकिली झाली. पलंगाखालचा माझा जुना सोबती, टेबलफॅन, बाहेर आला. नवऱ्यामुलींचे केस उडवणारा तो, आता दुरून हळूच रोपांना डोलवू लागला. जाता येता मालकीणबाई पानांवरून तळहात फिरवत, पोराच्या जावळावरून फिरवावा तसा. त्या हातानं आणि वाऱ्यानं देठांना अंग धरायची सवय लागली. पाणी माती सुकल्यावरच मिळे. रोपं वाढली की मालक दोरी ओढून मला तेवढंच वर घेत. सकाळपासून जेवणं होईपर्यंत मी तेवत असे, मग बटण बंद. "राहू दे ना चालू, त्यांना भीती वाटेल," ठकी हट्ट करी. "वाढणाऱ्यानं झोपावं, बाई. तूही चल," आई म्हणे.

आडव्या पडलेल्यांतली जी अजून हिरवी होती, तीही टाकली नाहीत. खोल कपात गळ्यापर्यंत मातीत पुरली. टोमॅटोच्या देठाला मातीत मुळं फुटतात, हे मालकीणबाईंनी दादाच्या तोंडून ऐकलं होतं. त्यातली बरीचशी गेली, काही उठून बसली. ठकीनं त्यांना 'आजारी पेशंट' असं नाव दिलं आणि रोज ताप पाहिला.

थंडी सरल्यावर रोपं आधी थोडा थोडा वेळ, मग कायमची गच्चीवर गेली. त्यांचं पुढचं आयुष्य मी पाहिलं नाही. टेबल रिकामं झालं आणि मला वाटलं, आता पुन्हा कपाट.

पण उन्हाळ्यात एका दुपारी मालकीणबाई ओंजळीत काहीतरी घेऊन खाली आल्या. पहिला टोमॅटो. त्याच टेबलावर ठेवून त्यांनी त्याच्या फोडी केल्या. मालकांनी एक तोंडात टाकली आणि डोळे घट्ट मिटले.

"आंबट आहे गं! दातच आंबले."

मालकीणबाई चावत राहिल्या. चावता चावता हसू लागल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांशी गेला.

"आमच्या दादाचाच आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही दर वर्षी हेच म्हणायचात त्याला."

मालकांनी दुसरी फोड उचलली.

मित्रांनो, तेव्हापासून मी इथेच आहे. कपाटावर जायचं कुणी नाव काढत नाही. माझ्या दोन ट्यूबची टोकं काळवंडलीत, पण अधूनमधून कुणी फडकं फिरवलं तर उजेड अजून चांगला पडतो. तुमच्या घरीही असा एखादा जुना दिवा धूळ खात असेल. त्याला पुसा, खाली घ्या, काम द्या. आणि बी लावाल तेव्हा रोप भराभर उंच होतंय म्हणून टाळ्या पिटू नका. वाकून बघा, ते कशासाठी ताणतंय. लहानपणी उजेड जवळ असावा लागतो. मोठं झाल्यावर ऊन कुठे आहे, ते ज्याचं तो शोधतो.