तांबडीचा पान्हा

गोठ्यात पाय घसरून माझा उजवा हात मोडला आणि अख्ख्या गल्लीला माझा पुळका आला. मला कुणाचे उपकार नकोत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी सुतार विचारल्याशिवाय शेण काढून गेला, आणि समोरची शिंपीण मशीन बंद ठेवून दोन्ही वेळा धार काढायला येऊ लागली. माहेरी तिच्या म्हशी होत्या.

माझ्या दोन गाई गरीब, कुणालाही दूध देणाऱ्या. तिसरी तांबडी मात्र हट्टी. तिने पान्हा चोरला.

शिंपिणीने कास शेकली, पुढ्यात पेंड ठेवली, थेंब नाही. दुसऱ्या संध्याकाळी कास दगडासारखी घट्ट झाली. गुरांचा डॉक्टर म्हणाला, आज मोकळी झाली नाही तर सड कायमचे जातील.

"वहिनी, तुम्ही धार काढताना वेगळं काय करता?" शिंपिणीने विचारलं.

"काही नाही."

"आठवा ना."

आठवायचं काय डोंबल! मला पक्कं ठाऊक होतं. मी बोलते. हे गेल्यापासून जे काही बोलायचं ते तांबडीशीच. पण ते काय चारचौघांत बोलायचं असतं?

"तुम्ही बसा खाली," मी म्हणाले आणि तांबडीच्या तोंडाशी उभी राहिले. आधी नुसतं "बाई गं, माझी बाई" करून पाहिलं. ती मख्ख. शेवटी लाज गुंडाळून ठेवली.

"ऐक गं. रेडिओवरचा तो माणूस बातम्या संपल्या की नमस्कार म्हणतो ना, मी पण त्याला नमस्कार म्हणते. दिवसभरात तेवढंच. आज मुलीचा फोन आला, तिला सांगितलं मी मजेत आहे. कसली मजा! संध्याकाळ झाली की घर खायला उठतं. स्वतः गेला तो गेला, माझी बडबड ऐकणारे कान पण घेऊन गेला मेला."

बादलीत धार वाजली. शिंपिणीचे हात थबकले, तशी तांबडीने पाय उचलला.

"थांबू नका हो!" मी ओरडले, आणि बोलत राहिले. रडत होते की काय, देव जाणे.

बादली भरली. कास सैल पडली, आत काही उरलं नव्हतं. तरी शिंपीण उठेना. मान खाली घालून तशीच बसून राहिली.

"मग?" ती म्हणाली. "मुलगी काय म्हणाली?"