सहा गुलाबांचं चुकीचं उत्तर

प्रयोग मीच जुळवला होता, म्हणून पहिला दोष माझ्या नावावर. ते सॉफ्टवेअर म्हणजे ठोकळे रचायचं काम: चित्र, बटण, बरोबर उत्तर. परदेशी प्रयोगशाळेचा तयार साचा घेतला, शब्द तेवढे बल्गेरियन केले. चित्रांना हात लावला नाही.

चित्र पाहून ‘आनंद’ किंवा ‘दुःख’ दाबायचं. चुकलं की लाल फुली. तीन फुल्या झाल्या की पडद्यावर ओळ: तुमचं लक्ष नाही, आभारी आहोत.

प्लोवदिवच्या पेन्शनर क्लबातून एकतीस आज्या आल्या. त्यातल्या सव्वीस जणींना त्या ओळीनं उठवून लावलं. विद्यार्थी सगळे पास. आमच्या कानेव सरांनी लगेच अहवालाचं शीर्षक ठरवलं: उतारवयात भावना ओळखण्याची क्षमता ढासळते.

दुसऱ्या दिवशी त्या सव्विसांपैकी स्तोइल्का आजी, चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या, माझ्यासमोर येऊन बसल्या.

“लेकरा, तुझ्या यंत्रानं मला बावळट ठरवलं. कुठे चुकले ते दाखव.”

दाखवलं. गुलाबांचा गुच्छ, आजींनी ‘दुःख’ दाबलेलं.

“मोज.”

सहा. पुढच्या चित्रात चार, त्यापुढे आठ.

“सम फुलं आपण कुणाला नेतो?”

“मेलेल्याला. जिवंत माणसाला विषम.” माझे कान तापले.

“नवऱ्याच्या थडग्यावर सहाच नेते मी. तिथे आनंद दाबू?”

विद्यार्थ्यांनी गुलाब पाहिले नि बटण दाबलं. मोजलं कुणीच नव्हतं.

सर ऐकेनात. “अरे, चाळीस देशांत चाललाय हा साचा. फुलं मोजत बसल्या, यालाच लक्ष नसणं म्हणतात.”

मोजणारीचं लक्ष नाही आणि न मोजणाऱ्याचं आहे. असला हिशेब लावायला प्राध्यापकच हवा. सव्वीस शहाण्या बायका छापील वेड्या होणार होत्या.

शुक्रवारी सरांची साठी. आजी सगळ्या विभागादेखत गुच्छ घेऊन आल्या. सरांनी हसत तो घेतला आणि थबकले. ओठ हलू लागले. मग एक गुलाब उपसून त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकला.

“मोजायला पावणेतीन सेकंद,” मी म्हणालो. “उत्तर चूक, सर. साच्यात हा आनंद आहे.”

“लक्ष नाही हो तुमचं,” आजी म्हणाल्या. “आभारी आहोत.”

सर हातातल्या पाच गुलाबांकडे बघत राहिले. मी तिथेच संगणक उघडून सव्वीस नावं नापासांतून काढून पासांच्या यादीत घेतली आणि अहवालाचं शीर्षक खोडलं. सर बघत होते. नको म्हणाले नाहीत.