पाच वर्षांचा झेंडा

फुफ्फुसाच्या कर्करोगाचं गणित सुन्निवाला तोंडपाठ होतं. एकतीस वर्षं ऑस्लोत कर्करोग नोंदणीच्या कामात काढलेली बाई ती. ती लागली तेव्हा शंभरातले जेमतेम दहा जण पाच वर्षं पार करायचे. आता तिप्पट करतात. दरवर्षी आलेखावरची ती रेघ वर चढवायची तीच.

नवऱ्यालाच, तोर्लाइवला, तो आजार निघाला, तेव्हा तो म्हणाला, "तुझी रेघ वर ढकलायला मी आहे की. पाच वर्षं भरली की अंगणात झेंडा चढव. वाढदिवसाला चढवतेस तसा."

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," ती म्हणाली.

डॉक्टरांनी त्यांना आजार सांगितला ती तारीख चोवीस मे; दोघं पाच वर्षं तिथूनच मोजायची. पाचव्या वर्षी एप्रिलमध्ये तो पार खंगला. मग रोज सकाळी विचारायचा, "किती दिवस राहिले?"

"अकरा."

"काढतो."

बावीस मेला तो गेला. दोन दिवस कमी पडले. सुन्निवाने त्याचा कप धुतला, फडताळात ठेवला. काही म्हणता काही वाटलं नाही तिला.

घरच्या माणसाची नोंद स्वतः उघडायची नाही, असा कचेरीतला नियम. ती केली शेजारच्या टेबलावरच्या हाल्डिसने. मातीच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला.

"तोर्लाइव पाच वर्षं पार केलेल्यांत गेला गं."

"नाही. दोन दिवस राहिले होते."

"अगं, तपासणीला गाठीचा तुकडा काढतात त्या दिवसापासून धरतो ना आपण? तीन मे. एकोणीस दिवस जास्तच जगला तो."

हा नियम नव्या मुलींना सुन्निवाच शिकवायची. हजारो लोकांना लावला, घरच्याला लावायचा राहिला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. यंदाच्या तीन मेला तोर्लाइव खिडकीशी बसून स्वतःच्या हाताने सूप प्यायला होता. त्याने विचारलं होतं, किती राहिले. तिने सांगितलं होतं, एकवीस.

रडू येईल म्हणून ती थोडा वेळ फोनपाशीच बसली. आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने झेंडा अर्ध्यावर लावला. माती झाली की तो टोकाला न्यायचा, ही तिथली रीत. चर्चमधून परतल्यावर शेजारी मदतीला आला, त्याला तिने हाताने थांबवलं आणि स्वतः दोरी ओढली. झेंडा पार वर गेला.

"चढवला रे," ती म्हणाली, आणि पाहुण्यांसाठी कॉफी ठेवायला आत गेली.