इंचभर खोटी मोजकाठी

विषय : सिडोनी नावाच्या मुलीचे वय.
संदर्भ : न्यू ऑर्लीन्समधील गुलामांच्या एका विक्रीवाड्यातील नोंद, मार्च १८४३.
निवेदन करणारी : मी, त्या वाड्यातली मोजकाठी.

मी सायप्रसच्या लाकडाची. एका होडीवाल्याने मला तासले आणि फूट-इंचांच्या खुणा तापल्या सळईने डागल्या. डागण्याचा सराव त्या गावात पुष्कळांना होता. तळाला त्याने इंचभर उंचीची पितळी शेंबी, म्हणजे टोपी, ठोकली. माझा पहिला इंच म्हणजे तीच.

वाड्याचा मालक द्यूसाँ कायदा पाळणारा गृहस्थ. दहा वर्षांखालचे मूल आईपासून तोडून विकायचे नाही, असा कायदा होता. पण गुलामाच्या मुलाचा जन्मदाखला आणायचा कुठून? म्हणून वाड्याने सोय काढली. चार फूट दोन इंच भरले की दहा वर्षे पूर्ण. मूल भिंतीला टेकायचे, मी शेजारी उभी राहायचे, पितो नावाचा कारकून आकडा वाचायचा.

पुढे माझी शेंबी निखळून फरशीच्या फटीत गेली. तेव्हापासून प्रत्येक मूल इंचभर उंच भरू लागले. वाड्याची तक्रार नव्हती.

फेलोनीझ ही उसाच्या मळ्यावरची धोबीण. मळ्याचा मालक वारला, तेव्हा मुलीसह इथे विक्रीला आली. तिला विक्रीचा निळा झगा चढवला, पिकल्या बटांना बुटाचे काळे पॉलिश लावले. सिडोनी साडेआठ वर्षांची, पण उफाड्याची. भिंतीशी गुडघे जरा वाकवून कसे उभे राहायचे, हे आईने तिला तीन दिवस शिकवले. पितोने एका हाताने ते गुडघे सरळ केले.

"चार फूट अडीच. दहा पूर्ण," तो म्हणाला.

फेलोनीझ खाली वाकली. माझ्या तळावर तिने बोट फिरवले. खिळ्यांची भोके तिला लागली.

"मालक, हिची शेंबी पडलीय. इंचभर खोटं बोलतेय काठी."

"काठी कशाला खोटं बोलेल?" द्यूसाँ म्हणाला. "तिला कुठे मुलगी वाचवायचीय?"

"मग दुसरी आणून मोजा."

"आणतो की. बाईसाहेबांसाठी पॅरिसहून मागवतो."

पितो हसला. मी गप्प राहिले. गप्प राहण्यावरच माझी नोकरी होती. गावातल्या बऱ्याच सज्जनांचीही होती.

गुलामाला न्यायालयात अर्ज करता येत नसे. सिडोनीची धर्ममाता क्लोतिल मात्र स्वतंत्र होती, शिवणकाम करी. कुंपणाआडून फेलोनीझने तिला सारे सांगितले. त्याच दुपारी तिने न्यायालयात अर्ज दिला : काठी सरकारी मापाशी पडताळावी, तोवर विक्री थांबवावी. न्यायाधीशाने अर्जावर शेरा मारला, पण त्यात विक्री थांबवण्याबद्दल काही नव्हते. शेरा इतकाच : 'काठी हजर करावी.' द्यूसाँने उलट कळवले की काठी रोजच्या वापरात आहे, मोकळी होताच पाठवू.

शनिवारी सिडोनीला नदीच्या वरच्या अंगाला, कापसाच्या मळ्यावर विकले. फेलोनीझला खाली, साखरेच्या मळ्यावर. मुलीला गाडीत चढवताना आई रडली नाही. घाईघाईने म्हणाली, "कुणी वय विचारलं तर साडेआठ सांग. दर वर्षी एक मिळवत जा. त्यांनी लिहिलेलं धरू नकोस."

क्लोतिल सोमवारी न्यायालयात गेली. काठी आली नव्हती. पुढच्या सोमवारीही गेली. अशी ती अकरा वर्षे दर सोमवारी जात राहिली.

मग गुलामगिरीवरून युद्ध झाले, तो कायदा गेला, वाडाही गेला. सध्या मी एका संग्रहालयाच्या कपाटात आहे. चिठ्ठीवर लिहिले आहे : 'उंची मोजण्याचे साधन. सुस्थितीत.' कुणी साधी फूटपट्टी घेऊन यावे, एवढीच विनंती.

क्लोतिलच्या अर्जावर अद्याप निर्णय झालेला नाही.